कोरी चाळणी

६ मार्च, गुरुवार

निघायच्या दिवशी सकाळी मी बाबांची दाढी केली. हिने पाणी गरम करून आणून दिलं. मी त्यांच्या गळ्याशी टॉवेल खोचला आणि खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढून बसलो. मांडीचं हाड मोडल्यापासून ते पाठीवर पडून आहेत. त्यांची दाढी म्हणजे एरवी कसरतच. खोकल्याची उबळ आली की वस्तरा उचलायचा, ओसरली की पुन्हा टेकवायचा. सगळं आयुष्य लोकांच्या विहिरी खणण्यात गेलं. दगडाची भुकटी छातीत बसली ती बसलीच.

त्या सकाळी मात्र ते एकदाही खोकले नाहीत. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला. मला फार बरं वाटलं. मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

निघताना हिला पुन्हा बजावलं, "त्यांना हलवू नकोस. कुशीवर केलं की कळवळतात. काल नर्सबाई काही का सांगून गेल्या असेनात."

"बरं," ही म्हणाली.

हिचं "बरं" दोन प्रकारचं असतं. हे कुठलं होतं, ते गाडीत बसल्यावरही मला ठरवता आलं नाही.

८ मार्च, शनिवार

तेलाची विहीर पाडायच्या रिगवर पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी मोकळं मैदान, मधोमध आपला मनोरा, कडेला राहायच्या पत्र्याच्या खोल्या. माझ्या खोलीत खाट, आरसा आणि एक खिळा. खिळ्याला मी देवाची तसबीर लावतो, म्हणून टॉवेल दाराच्या कडीला.

इथे मला कुणी नावाने हाक मारत नाही. पाईप खाली-वर करणारा ब्रेक हातात घेण्याआधी मी हात जोडतो, म्हणून सगळ्यांचा "बुवा" झालो. साहेबसुद्धा बुवाच म्हणतात. त्यांनी आज खोलीत बोलावून सांगितलं, "बुवा, ही विहीर नीट पार पडली की फोरमन तुम्ही. वर कळवून ठेवलंय." गावच्या शाळेतून, जिथे पावसात दोन वर्ग एका खोलीत कोंबायचे, तिथून आलेला माणूस फोरमन. रात्रंदिवस ब्रेकपाशी उभं राहून गुडघे गेलेत, त्यांनाही सुख होईल. शाळेतल्या गुरुजींनी वहीत चार ओळी लिहायची सवय लावली, ती आजवर मोडली नाही. आजच्या चार ओळी त्यांना वाचून दाखवाव्याशा वाटल्या.

पण ही विहीर सरळ नाही. तेल डोंगराच्या पोटाखाली आहे आणि डोंगरावर यंत्र चढवता येत नाही. म्हणून थोडं सरळ खाली जायचं आणि मग हळूहळू तिरकं होत होत डोंगराखाली शिरायचं. मी आजवर सरळच विहिरी पाडल्या. बाबांनीही सरळच खणल्या. वळणाची विहीर आमच्या घराण्यात नाही.

११ मार्च, मंगळवार

वळण घेण्यासाठी एक मॅडम आल्या आहेत. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. जमिनीखाली अवजाराचं तोंड कुठे वळलंय ते त्यांना पडद्यावर दिसतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव "कंपास" ठेवलं. त्यांच्या कानावर गेलंच. जेवताना त्या म्हणाल्या, "कंपास ठीक आहे, पण टोक माझ्याकडे ठेवू नका." सगळे हसले. बाई सरळ आहेत.

संध्याकाळी घरी फोन केला.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत. जेवण कमीच."

"खोकला?"

"तुम्ही गेलात तसा नाहीच म्हणायचा."

तेवढ्यात मागून कुणीतरी जोरात खोकलं. मी विचारलं, कोण? "शेजारचे काका असतील," ही घाईने म्हणाली. शेजारचे काका मुलीकडे राहायला गेले होते असं वाटतं. परत आले असतील.

हिचं मनगट मुरगळलंय म्हणे. कपडे पिळताना. म्हटलं, जड कामं करू नकोस. तर म्हणाली, "हलकी कुणाकडे टाकलीत ते सांगा."

शेवटी म्हणाली, "जमलं तर मध्ये एकदा येऊन जा." मी म्हटलं, बाबा शांत आहेत ना, मग विहीर झाली की येतोच.

१२ मार्च, बुधवार

आज मॅडमनी जेवणाच्या टेबलावर एक खेळ करून दाखवला. पाण्याच्या बाटलीत मूठभर वाळू घातली. बाटली उभी धरून खालून नळी फुंकली की वाळू पाण्याबरोबर वर येते. सरळ विहिरीत असंच होतं. आम्ही पाईपातून मड खाली सोडतो, म्हणजे माती, पाणी आणि औषधं कालवलेला घट्ट द्रव. तो तळातून दगडाचा चुरा उचलून पाईपाच्या बाहेरून वर आणतो. वर चाळणी असते. चुरा चाळणीवर राहतो, मड पुन्हा खाली जातो.

मग मॅडमनी बाटली आडवी केली आणि तसंच फुंकलं. पाणी वरच्या अंगाने वाहून गेलं, वाळू खालच्या अंगाला गादीसारखी पडून राहिली.

"आता चाळणीवर काय दिसेल, बुवा?"

"काही नाही."

"कोरी चाळणी. आणि विहीर भरलेली." त्यांनी बाटली गरागरा फिरवली. वाळू उठली, पाण्यात मिसळली, नळीच्या तोंडाशी आली. "म्हणून तिरक्या विहिरीत पाईप फिरवत ठेवायचा. नुसता पंप पुरत नाही."

मड कालवणारा आमचा माणूस आहे, त्याला सगळे हलवाई म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, बाटली माझी होती. आता मी काय पिऊ?"

हसण्यावारी गेलं. मला वाटलं, बाटलीतली गोष्ट बाटलीपुरती. आपण चाळणी बघून विहीर ओळखत आलोय. चाळणीवर शेवटी बारीक दाणेही यायचे थांबले आणि जाळी पुसलेल्या ताटासारखी दिसली की समजायचं, पोट साफ आहे.

बाबांची आठवण झाली. ते विहिरीत एक थर फोडून झाला की तळ केरसुणीने झाडायचे. सगळा मलबा पाट्यांतून वर गेल्याशिवाय पुढचा घाव घालायचे नाहीत. वरचे लोक ओरडायचे, काय लग्न लावायचंय का खाली? बाबा झाडत राहायचे.

१५ मार्च, शनिवार

घरी फोन. बाबा हिला शिव्या देतात असं कळलं. वाईट वाटलं. आयुष्यात सुनेला वावगा शब्द न बोललेला माणूस.

"कशावरून देतात?"

"कशावरूनही. माणूस आहे, दुखलं की ओरडतो."

"दुखायला काय झालं? हलवत नाहीस ना?"

"जाड चादर कुठे ठेवलीत तुम्ही, ती जुनी?" हिने विचारलं. "आतल्या कपाटात नाही."

इतक्या उकाड्यात जाड चादर कशाला? माळ्यावर आहे म्हणून सांगितलं. हिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. पुन्हा म्हणाली, "येऊन गेला असतात तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तीन दिवसांत एक टप्पा पूर्ण होतोय, आत्ता कसं सोडू. ती म्हणाली, "बरं."

हे दुसऱ्या प्रकारचं होतं. एवढं मला कळलं.

बाबांची चिडचिड कमी व्हावी म्हणून तसबिरीपुढे जरा जास्त वेळ बसलो. आणि खोकला थांबला त्याबद्दल पुन्हा आभार मानले.

१८ मार्च, मंगळवार

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

सकाळी विहीर ठरल्या खोलीपर्यंत पोचली. आता सगळा पाईप वर काढायचा, टोक बदलायचं. त्याआधी विहीर धुऊन घ्यायची. मॅडम रात्रभर जाग्या होत्या. झोपायला जाताना मला बजावून गेल्या, "पंप पूर्ण. पाईप जोरात फिरवत ठेवा. चाळणी कोरी झाली तरी थांबू नका. मागून दुसरा लोंढा येईल, त्याची वाट बघा."

मी सुरुवात सांगितल्यासारखीच केली. चुरा आला, भरपूर आला, मग कमी झाला, मग थांबला. जाळी लख्ख. आणि पाईप मात्र खाली वळणावर घासून कण्हत होता. तो आवाज ब्रेकच्या दांड्यातून हातात येतो. मला तो ऐकवेना. वाटलं, साफ झालंय, आता उगाच कशाला याला त्रास? फिरवणं बंद केलं. नुसता पंप चालू ठेवला. चाळणी कोरीच राहिली. मी हात जोडले आणि पाईप ओढायला घेतला.

आधी सुरळीत आला. मग पाईपाचं वजन दाखवणारा काटा चढायला लागला. मी अजून थोडं ओढलं. मग अजून थोडं. मग तो थांबला. वरही नाही, खालीही नाही. पंप लावला तर दाब उसळला. खालून वाटच बंद.

साहेब जिना चढून धावत वर आले. "बुवा, अहो नमस्कार कुणाला करत होतात? चाळणीला?"

मी दांडा सोडला नाही.

मॅडम आल्या त्या एका पायात बूट घालत. हेल्मेटचा पट्टा लोंबत होता. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"फिरवणं कधी बंद केलंत?"

"चाळणी कोरी झाल्यावर."

"का?"

"कण्हत होता."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता ओढू नका. जितकं ओढाल तितकं दडपून बसेल. वजन खाली सोडा. पीळ द्या. पंप हळू. हळू म्हणजे अगदी जेमतेम."

ज्या दिशेला जायचं नाही, त्या दिशेला ढकलायचं. हात तयार होईनात. आम्ही सगळी दुपार तेच करत राहिलो. साहेब खाली येरझारा घालत होते. खालून थेंब थेंब वाट मोकळी होत गेली. उन्हं कलती झाली तेव्हा एकदम दांडा हातात हलका झाला आणि पाईप फिरला. आवाज तोच, कण्हण्याचा. या वेळी मी फिरवत राहिलो.

मग चाळणीवर चुरा आला. असा आला की जाळी दिसेना. फावड्याने ओढायची वेळ आली. हलवाई घामाने निथळत ओरडला, "बुवा, डोंगरच वर आणताय की काय!"

मी चाळणीपाशी जाऊन उभा राहिलो. मूठभर चुरा हातात घेतला. गरम होता, करडा, नखाएवढे तुकडे. सकाळी मी जाळी पुसलेली बघून हात जोडले, तेव्हा हे सगळं खाली गुपचूप पडून होतं.

१९ मार्च, बुधवार

पहाटे जाग आली ती खोकल्याच्या आवाजाने. कुणी खोकत नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलंही नव्हतं.

उठून तसबिरीपुढे बसलो. रोजच्यासारखं बाबांच्या खोकल्याचं म्हणायला गेलो आणि मध्येच थांबलो. आज बारा-तेरा दिवस मी ज्याचे आभार मानतोय ते काय आहे? देवाला काय वाटलं असेल? हा माणूस कशाबद्दल खूश आहे, असंच वाटलं असेल.

उजाडताच घरी फोन लावला.

"बाबा कुठल्या अंगावर झोपलेत?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पाठीवर," ही म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

"नर्सबाई काय म्हणत होत्या? नीट सांग. त्या दिवशी मी ऐकून घेतलं नाही."

"कुशीवर वळवा, थोड्या थोड्या वेळाने अंग बदला. हाताचा खोलगट पेला करून पाठीवर थापट्या मारा. कफ सुटेल. ओरडतील, पण सुटेल. खोकले तर चांगलंच, म्हणत होत्या. खोकत नाहीत त्याचीच काळजी आहे."

"मग वळव. आजपासून वळव."

मग ती म्हणाली, "दोन माणसं लागतात हो." आवाज फारच बसला होता. "तुम्ही या."

हे तिने याआधीही सांगितलं होतं. मागची पानं उलटून बघितली, माझ्याच अक्षरात आहे.

२० मार्च, गुरुवार

साहेबांकडे गेलो. ते चहा पीत होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"साहेब, मला घरी जायचंय."

"परवाच्यामुळे मनाला लावून घेतलंत का? अहो, सुटला ना पाईप. होतं असं. वर मी काही कळवलेलं नाही."

"त्यामुळे नाही. वडील."

"सिरियस?"

"माहीत नाही. शांत आहेत."

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं असेल बुवांचं डोकं फिरलं. "शांत आहेत म्हणून जायचंय?"

"हो."

खूप वेळ ते खिडकीतून मनोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठवडाभर ब्रेकवरचा तुमचा जोडीदार सांभाळेल. पुढच्या गुरुवारी बदलीच्या पोरांना आणणारी गाडी तुमच्या गावावरूनच येते. तीत बसा. शेवटचा टप्पा तुमच्या हातून झाला तर फोरमन तुम्ही. नाही आलात तर मला दुसरं नाव द्यावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

मॅडमना सांगायला गेलो. त्या पडद्यासमोर होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "माझी आई एकटीच असते. ती पण फोनवर सगळं छान म्हणते." आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

२२ मार्च, शनिवार

घरी.

बाबा डाव्या कुशीवर होते. पाठीशी माळ्यावरची जुनी चादर, घट्ट गुंडाळून लोडासारखी केलेली. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पलंगाच्या दांड्याला साडीच्या काठाची एक पट्टी बांधलेली, धरून वळायला. पट्टीची गाठ हाताच्या घामाने काळी पडून गुळगुळीत झाली होती. तीन दिवसांत गाठ अशी होत नाही.

नर्सबाई आल्याच होत्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. "साठलंय बरंच. पण आत हवा जातेय. खरं सांगू का, तुमच्या मिसेस नसत्या तर या दोन आठवड्यांत—"

"नर्सबाई, चहा घेणार ना?" हिने मध्येच विचारलं.

"आत्ताच घेतला की," नर्सबाई म्हणाल्या आणि हिच्याकडे बघून गप्प झाल्या.

दुपारी अंग बदलायची वेळ झाली. मी पुढे झालो. खांदा धरला, उचलायला गेलो, बाबा किंचाळले. "अरे गाढवा, पहार धरल्यासारखा काय धरतोस! तिच्यासारखं धर!"

मी हिच्याकडे बघितलं. ही चादर नीट करत होती. मनगटाला अजून पट्टा होता. मनात आलं, कपडे पिळून मनगट मुरगळलं, शेजारचे काका खोकले, आणि मी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या घराला कुलूप आहे. येतानाच दिसलं होतं.

"कसं धरू?" मी विचारलं.

"खांदा नाही. कंबर आणि पाठ. आधी गुडघा वळवा, मग माणूस आपोआप वळतो." तिने माझा हात उचलून जिथे ठेवायचा तिथे ठेवला. "आणि ते ओरडले तरी थांबायचं नाही."

आम्ही वळवलं. ते ओरडले. थांबलो नाही. मग तिने सांगितल्याप्रमाणे तळहाताचा पेला करून मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत राहिलो. पाठ इतकी लहान झालीय. आत काहीतरी खरखरलं, हललं, आणि खोकला आला. आधी कोरडा, मग खोलातून. हिने भांडं पुढे धरलं. करड्या रंगाचं आलं.

बाबा धापा टाकत पडून राहिले. मग पुटपुटले, "झाड. अजून आहे खाली."

त्या पहिल्या सकाळचं "बरं" कुठल्या प्रकारचं होतं ते आज कळलं. मी हिला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. संध्याकाळी तिच्या मनगटाला तेल चोळून दिलं. ती म्हणाली, "अहो, हळू. पाईप नाही तो."

२५ मार्च, मंगळवार

जोडीदाराचा फोन होता. शेवटचा टप्पा सुरू होतोय. मॅडम माझी चौकशी करत होत्या म्हणे. हलवाई विचारतोय, बुवा नसताना हात कुणी जोडायचे?

मन तिकडे ओढतं, खोटं कशाला लिहू. फोरमनच्या खोलीला पडदा असतो आणि टेबलावर फोन. बाबांना सांगावं असंही वाटतं, की तुमचा मुलगा डोंगराखालून विहीर नेऊन आला. बाबा सध्या सकाळी बरे असतात, दुपारी दमतात. नर्सबाई म्हणतात, अजून महिनाभर असंच करावं लागेल, मग बघू. देवाला कौल लावावा असं मनात आलं. मग वाटलं, मागच्या वेळी त्याच्यासमोर बसून जे मागितलं ते बघितलं आपण. या वेळी काही मागितलं नाही. नुसता बसलो.

ही गेले दोन दिवस माझे कामाचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालते आहे. एका शब्दाने काही विचारत नाही.

शांत आहे. मी आता शांतपणाला घाबरतो.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी लवकर बाहेर जाऊन साहेबांना फोन केला. बोललो. ते म्हणाले, "गाडी निघालीय, वाटेत आहे. दुसऱ्या पोरांना घ्यायला येईलच ती. पुन्हा विचार करा." मी म्हटलं, झाला विचार. "जोडीदाराचं नाव देऊ?" द्या, म्हटलं, हात हलका आहे त्याचा. फोन ठेवल्यावर तिथेच कठड्यावर थोडा वेळ बसलो. वाईट वाटलं. वाटू दिलं.

घरी आलो तर माझी बॅग भरून दारापाशी ठेवलेली. हिला फक्त पाणी गरम करायला सांगितलं. बाबांच्या गळ्याशी टॉवेल खोचला, खुर्ची खिडकीपाशी ओढली. उजव्या गालाला फेस लावून वस्तरा टेकवला आणि उबळ आली. उचलला. ओसरली, टेकवला. पुन्हा आली. एक बोटभर जागा झाली की पुन्हा उचलायचा. फेस वाळून जाई, पुन्हा लावायचा. हनुवटीवर एकदा कापलंच. बाबा म्हणाले, "न्हावी बरा होता."

उजवा गाल होतोय तोवर बाहेर हॉर्न वाजला. ही दारात आली. हातात माझे बूट.

"गाडी आलीय."

"ड्रायव्हरला सांग, जा म्हणावं."

ती तशीच उभी राहिली. "काय सांगू त्याला?"

"सांग, दाढी चाललीय. वेळ लागेल."

तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बूट हळूच भिंतीशी ठेवले. "बरं," म्हणाली आणि बाहेर गेली.

हे तिसऱ्या प्रकारचं होतं. आजवर ऐकलं नव्हतं.

गाडी वळल्याचा आवाज आला. बाबांना पुन्हा उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी वस्तरा हवेत धरून थांबलो. मग डाव्या गालाला फेस लावला.